भोकांचा अंगरखा

लोखंडापेक्षा भोकंच जास्त असलेला अंगरखा घालून तलवारीसमोर उभं राहायचं, याला काय म्हणावं? पण स्वीडनच्या गोटलँड बेटावर, विस्बी गावात, असे अंगरखे घातलेली माणसं दर ऑगस्टमध्ये दिसतात. १९८४पासून तिथे मध्ययुगाची जत्रा भरते. आठवडाभर गावात लोहारांचे भाते फुसफुसतात, घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात. भोवती सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा जुना दगडी तट. तो मात्र खराखुरा मध्ययुगातला!

मला सगळ्यात आवडतं ते हेच तारेच्या कड्यांचं चिलखत. त्याची प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांमध्ये अडकवलेली असते, त्या चार आणखी पुढच्या कड्यांमध्ये. म्हणून तलवारीचा वार एका जागी बसला, तरी आजूबाजूच्या कड्या ताणल्या जातात आणि जोर वाटला जातो. धार तारेला कापू शकत नाही. हाड मात्र मोडू शकतं. म्हणूनच आत कापडाचे थर शिवलेला जाड अंगरखा हवाच. शिवाय कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे दहा-बारा किलोंचं सगळं ओझं खांद्यांवर येत नाही.

आता बाणाचं बघा. त्याचं बारीक टोक एकाच कडीत शिरतं. सगळा जोर त्या एकटीवर! ती उघडली, की बाण आत.

हे गोटलँडच्या लोकांनी खरोखर सोसलं. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा वाल्डेमार याच्या सैन्यानं विस्बीच्या तटाबाहेर इथल्या शेतकऱ्यांना हरवलं. ऐन उन्हाळा होता, म्हणून मृतांना घाईघाईनं पुरलं, कित्येकांना तर चिलखतासकट. विसाव्या शतकात खोदकाम झालं, तेव्हा काही कवट्यांवर कड्यांच्या टोप्या तशाच होत्या. त्या शेतकऱ्यांची आठवण या जत्रेत राहायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्याकडे? १६५९मध्ये अफजलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखतच घातलं होतं.

कुठे चिलखत दिसलं, तर एखादी कडी अगदी जवळून बघा. तारेची टोकं नुसती एकमेकांना टेकली असतील, तर ओढ बसताच ती उघडेल. टोकं चपटी करून, भोक पाडून, त्यात इवलासा खिळा ठोकलेला असेल, तर ती सहजासहजी उघडायची नाही. एका चिलखतात अशा हजारो कड्या असतात, आणि जुन्या कारागिरांनी ते खिळे हातानंच ठोकले होते!