परदेशी अनुदान व गावातील आरोग्यसेविका

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे आरंभिलेल्या कार्याने हे दाखवून दिले की, गावातीलच प्रशिक्षित स्त्री गरोदर मातेची उत्तम काळजी घेऊ शकते. अशा स्त्रियांच्या लहान मंडळांना मोठ्या संस्था पूर्वी, कायद्याच्या अटी पाळून, आपल्या परदेशी देणगीतून वाटा देत असत. परकीय देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने असे हस्तांतर निषिद्ध ठरविले. यास्तव पाळकांनी सद्भावनेनेही तो निधी पुढे देऊ नये; नोंदणीकृत संस्थेनेच तो आपल्या कार्यावर खर्चावा. महिला मंडळाचा आधार ख्रिस्तमंडळीचे स्वतःचे अर्पण हाच होय. अडलेल्या मातेला रात्री रुग्णालयात नेण्यापुरते वाहनभाडे मंडळीजवळ सदैव शिल्लक असावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.