भास्कराचार्यांची एक दहा अंकी संख्या

पूर्वजांच्या गणिताविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें जातें. त्यांत प्रमाण किती व अभिमान किती, असा प्रश्न पनवेल येथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस केला. उत्तरादाखल आम्हीं त्याजपुढें एकच संख्या ठेविली : १,७६,६३,१९,०४९. तीच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणि शके १०७२ (इ. स. ११५०) मधील. त्याचाच भाग मानलेल्या बीजगणितांत वर्गप्रकृतीचें एक उदाहरण आहे : कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्गच येतो ? ६१ च्या जागीं ६० घेतल्यास उत्तर ४ येतें, ६२ घेतल्यास ८. परंतु ६१ साठीं, शून्य सोडून, सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ म्हणजे वरील दहा अंकी संख्या. एकामागून एक संख्या घेऊन असें उत्तर सांपडावयाचें नाहीं. अर्थात् रीत हातीं असलीच पाहिजे.

ती रीत चक्रवाल. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक, येथून आरंभ. ७ हा गुणक घेतां पुढील पायरीस ३९ चा वर्ग येतो. तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ नें उणा. मग भावनेनें, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगानें तिसरें साधण्याच्या युक्तीनें, २९,७१८ व ३,८०५ ही जोडी मिळते.

येथें ताळा पहावा. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. या लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज हीच आपली दहा अंकी संख्या. आणि जोडीच्या गुणाकाराची दुप्पट २२,६१,५३,९८०.

हेंच ६१ चें उदाहरण फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६५७ मध्यें आपल्या समकालीनांपुढें ठेविलें. त्याच्या पांच शतकें आधीं तें येथें सुटलें होतें, हें निर्विवाद. तथापि सर्वच श्रेय भास्कराचार्यांस देणें न्याय्य नव्हे. भावना ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ मधील, आणि चक्रवाल जयदेवाच्या ज्या श्लोकांत आहे, ते उदयदिवाकरानें शके ९९५ (इ. स. १०७३) मध्यें उद्धृत केले आहेत. तसेंच, वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीस उत्तर असतेंच, याची उपपत्ति लाग्रांज यानें अठराव्या शतकांत दिली. एवढें सांगितल्यानें आचार्यांची थोरवी उणी होत नाहीं. न सांगितल्यानें मात्र आपलें म्हणणें लटकें पडतें.

चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखावरून आचार्यांचें कुळ कळतें. तो ताडून पाहण्यास शिळेपाशीं जावें लागतें किंवा ठसा मिळवावा लागतो. या संख्येस कागद, लेखणी व अर्धी घटका पुरे. आमच्या विद्यार्थ्यानें गुणाकार करून पाहिला. प्रथम एक अंक चुकला. दुसऱ्या खेपेस ताळा जुळला, आणि आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें असें तो आपण होऊन म्हणाला.