अल कपोनला सिनेमात हिरोनं पकडलं, खऱ्यात मात्र इन्कम टॅक्सवाल्यांनी

२०१३ मध्ये 'द ग्रेट गॅट्सबी' आला तेव्हा आपल्याकडे एकाच गोष्टीची चर्चा होती. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या सिनेमात आपला अमिताभ बच्चन आहे. अमिताभनं साकारलेल्या माणसाचं नाव होतं मेयर वुल्फशाइम. रोल इतका छोटा की आला कधी आणि गेला कधी कळलंच नाही. त्यामुळे हा माणूस नेमका कोण आणि गॅट्सबीच्या बंगल्यातल्या त्या पार्ट्यांच्या पैशाशी त्याचा काय संबंध, हे बऱ्याच जणांच्या डोक्यावरून गेलं.

याचं उत्तर आहे दारू. म्हणजे बंदी असलेली दारू.

वुल्फशाइम हे पात्र बेतलंय न्यूयॉर्कच्या अर्नोल्ड रॉथस्टीनवर. हा जुगाराच्या धंद्यातला बडा शेठ. १९१९ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज यानेच फिक्स केली असा आरोप त्याच्यावर झाला, पण शिक्षा कधीच झाली नाही. अमेरिकेत दारूबंदी आल्यावर त्यानं चोरट्या दारूत पैसा लावला. १९२८ मध्ये गोळी लागून मेला. हाच रॉथस्टीन 'बोर्डवॉक एम्पायर' या सिरीजमध्ये स्वतःच्या नावासकट भेटतो.

अमेरिकेतली दारूबंदी टिकली १४ वर्षांपेक्षा थोडी कमी. पण तिच्यावर गेली ९० पेक्षा जास्त वर्षं सिनेमे निघतायत. टोपी, लांब कोट, हातात टॉमी गन आणि काळी गाडी ही जी गँगस्टरची इमेज आपल्या डोक्यात आहे, ती तिथूनच आली. प्रश्न असा, की यातलं खरं किती?

आधी कायदा समजून घेऊ

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं गुन्हा ठरलं. त्यासाठी थेट राज्यघटनेत १८ वी दुरुस्ती केली होती. तो राबवण्यासाठी जो कायदा आणला त्याचं नाव व्होल्स्टेड ॲक्ट.

हा कायदा आकाशातून पडला नव्हता. दारूपायी घरं उद्ध्वस्त होतायत म्हणून तिथल्या बायका कित्येक दशकं लढत होत्या. आपल्याकडे गावागावात बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केलं, तसाच तो राग होता. त्यात पहिलं महायुद्ध आलं. बिअरच्या मोठ्या कंपन्या होत्या जर्मन वंशाच्या लोकांच्या, त्यामुळे बिअर पिणं म्हणजे शत्रूला मदत असं वातावरण तयार झालं.

आणखी एक कारण होतं, जे फारसं सांगितलं जात नाही. त्याआधी सरकारच्या तिजोरीत दारूवरच्या कराचा मोठा वाटा असायचा. १९१३ मध्ये अमेरिकेत इन्कम टॅक्स आला आणि दारूच्या पैशाशिवाय सरकार चालू शकतं, हे म्हणायची सोय झाली. हा इन्कम टॅक्स लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

आता गंमत बघा. कायद्यात दारू पिणं हा गुन्हा नव्हताच. बंदीच्या आधी घरात भरून ठेवलेली दारू निवांत पिता यायची. डॉक्टरनं चिठ्ठी दिली तर मेडिकलमध्ये व्हिस्की मिळायची. धार्मिक विधीसाठी वाइन चालायची. आणि कारखान्यांसाठी लागणारं अल्कोहोल तर बनतच होतं.

या फटींमधून ज्यानं ट्रकच्या ट्रक काढले तो म्हणजे सिनसिनाटीचा जॉर्ज रेमस. आधी फार्मासिस्ट, मग वकील. दारू विकणाऱ्यांच्या केसेस लढता लढता त्याच्या लक्षात आलं की पैसा समोरच्या पार्टीकडे आहे. मग त्यानं दारूचे कारखाने आणि औषध कंपन्या विकत घेतल्या, 'औषधी' व्हिस्की कायदेशीर कागदांवर बाहेर काढली आणि वाटेत स्वतःच्याच माणसांकडून ती लुटवली. 'गॅट्सबी'मध्येही आरोप होतो तो हाच, की मेडिकलच्या दुकानांआडून याचा दारूचा धंदा आहे. 'बोर्डवॉक एम्पायर'मध्ये हा रेमस सारखं स्वतःचं नाव घेऊन स्वतःबद्दल बोलतो. ते विनोदासाठी घातलंय असं वाटतं, पण खऱ्या रेमसलाही ती सवय होती.

बंदी चालू असतानाच सिनेमे आले

गँगस्टरपट हा प्रकार नंतर आठवणी काढत तयार झाला नाही. १९३१ मध्ये 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी' आले, १९३२ मध्ये 'स्कारफेस' आला. तेव्हा दारूबंदी चालूच होती. म्हणजे सकाळी पेपरात ज्या गँगची बातमी वाचायची, तीच संध्याकाळी थेटरात बघायची.

'स्कारफेस' लिहिणारा बेन हेक्ट आधी शिकागोत पत्रकार होता, त्यामुळे त्याला हे जग जवळून माहिती होतं. पिक्चरचं नावच अल कपोनच्या गालावरच्या व्रणावरून पडलेलं टोपणनाव. सेन्सॉरवाले म्हणाले, तुम्ही गुंडाला हिरो करताय. मग नावापुढे 'देशाची लाज' अशा अर्थाची ओळ जोडली गेली आणि गँगस्टर फासावर जातो असा वेगळा शेवटही शूट करावा लागला. १९८३ मध्ये अल पचिनोचा 'स्कारफेस' आला, तो याच सिनेमाचा रीमेक. फक्त शिकागोच्या जागी मायामी आणि दारूच्या जागी कोकेन.

लोकांना गुंडच आवडतायत हे बघून हॉलीवूडनं १९३४ पासून स्वतःची सेन्सॉरशिप, म्हणजे हेज कोड, कडक केला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, गरज नसेल तर दारूही दाखवायची नाही. परिणाम? 'पब्लिक एनिमी'त गुंड झालेला जेम्स कॅग्नी १९३५ च्या 'जी मेन'मध्ये चक्क सरकारी एजंट झाला. बंदूक तीच, गोळीबार तोच, फक्त बाजू बदलली.

मग कपोनला पकडलं कुणी?

१४ फेब्रुवारी १९२९. शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये ७ जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. मारणाऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या वेशात होते, त्यामुळे समोरच्यांना ही नेहमीची धाड वाटली. हेच ते व्हॅलेंटाइन डे हत्याकांड. संशय कपोनच्या गँगवर होता, पण स्वतः कपोन तेव्हा फ्लोरिडात होता. या खुनांसाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

१९८७ चा 'द अनटचेबल्स' बघितला असेल तर तुम्ही म्हणाल, कपोनला एलियट नेसनं पकडलं. केव्हिन कॉस्टनरचा नेस, शॉन कॉनरीचा म्हातारा पोलीस, रॉबर्ट डी नीरोचा कपोन. पिक्चर भारीच आहे, कॉनरीला त्यासाठी ऑस्करही मिळालं. पण खरी गोष्ट वेगळी आहे.

एलियट नेस खरा होता. लाच न घेणाऱ्या माणसांची त्याची टीमही खरी होती. त्यांनी कपोनच्या बिअरच्या भट्ट्या फोडल्या, त्याचं मोठं नुकसान केलं. १९३१ मध्ये दारूबंदी मोडल्याच्या हजारो गुन्ह्यांचं आरोपपत्रही दाखल झालं. पण तो खटला कधी चाललाच नाही.

चालला तो इन्कम टॅक्सचा. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की बेकायदा धंद्यातून कमावलेल्या पैशावरही टॅक्स भरावा लागेल. तो निकाल आला होता दारू विकणाऱ्या एका माणसाच्याच केसमध्ये. याच निकालाच्या आधारावर टॅक्स खात्याचा फ्रँक विल्सन कपोनच्या मागे लागला. कपोनच्या नावावर बँक खातं नाही, मालमत्ता नाही, सगळा व्यवहार रोख. विल्सनच्या टीमनं जुन्या धाडींत सापडलेल्या जुगार अड्ड्यांच्या वह्या चाळल्या, त्यातलं अक्षर कुणाचं ते शोधलं आणि हिशेब लिहिणाऱ्यांना साक्षीला उभं केलं. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोन दोषी ठरला आणि त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे ज्या इन्कम टॅक्समुळे दारूबंदी आणणं सोपं झालं, त्याच इन्कम टॅक्सनं दारूबंदीच्या सगळ्यात मोठ्या डॉनला आत टाकलं.

सिनेमात नेस फ्रँक निट्टी या गुंडाला कोर्टाच्या गच्चीवरून खाली फेकतो. प्रत्यक्षात कपोन तुरुंगात गेल्यावर गँगच्या वरच्या फळीत हाच निट्टी होता आणि १९४३ मध्ये त्यानं आत्महत्या केली. पण जो सीन सगळ्यात फिल्मी वाटतो, तो मात्र बऱ्यापैकी खरा आहे. ज्युरीला पैसे चारल्याची टीप मिळाल्यावर न्यायाधीशांनी अख्खी ज्युरी बदलून टाकली, हे खरंच घडलं. फक्त ते खटल्याच्या मध्यात नाही, सुरुवातीलाच.

मग नेस हिरो कसा झाला? त्याच्या आठवणींचं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ऑस्कर फ्रेली या पत्रकारानं लिहून काढलं. ते १९५७ मध्ये आलं, पण त्याआधीच नेस गेला होता. १९५९ मध्ये त्यावर टीव्ही सिरीयल आली, ४ वर्षं चालली आणि नेस घराघरात पोचला. सिरीयलमध्ये आठवड्याला एक गुंड लागायचा, त्यामुळे नेसशी काडीचाही संबंध नसलेल्या केसेस त्याच्या नावावर टाकल्या गेल्या. प्रत्येक गुंड इटालियनच का, म्हणून इटालियन वंशाच्या अमेरिकन लोकांनी जोरदार विरोध केला. कपोनच्या बायको आणि मुलानं कोर्टात धाव घेतली, पण ते हरले.

खटल्यातला पुरावा होता हिशेबाच्या वह्या. पण वह्या चाळणारा कारकून पडद्यावर कोण बघणार?

सिनेमात जे जवळपास येतच नाही

गोळीबार दिसतो, जॅझ दिसतो, चोरून चालणारे बार दिसतात. दारू पिऊन जे मेले ते क्वचित दिसतात.

कारखान्यांसाठीचं अल्कोहोल लोकांनी पिऊ नये म्हणून सरकार त्यात विष मिसळायला लावायचं, त्यात मिथेनॉलही असायचं. दारूवाले ते चोरून, थोडंफार शुद्ध करून विकायचे. लोक मरत होते तरी विषाचं प्रमाण कमी करण्याऐवजी वाढवलं गेलं. १९२६ च्या ख्रिसमसच्या दिवसांत एकट्या न्यूयॉर्कमध्ये अनेक जण दगावले. श्रीमंतांकडे कॅनडातून आलेली चांगली व्हिस्की होती. मेला तो स्वस्तातली पिणारा.

१९३० मध्ये आणखी एक प्रकार झाला. 'जमैका जिंजर' नावाचं आल्याचं औषध मेडिकलमध्ये मिळायचं, त्यात भरपूर अल्कोहोल असायचं. सरकारी तपासणी चुकवण्यासाठी काही उत्पादकांनी त्यात एक रसायन मिसळलं. त्यानं नसा खराब झाल्या आणि हजारो लोकांचे पाय लुळे पडले. यातले बहुतेक गरीब मजूर. त्यांच्यावर कुणी 'स्कारफेस' काढला नाही.

आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं १०० पेक्षा जास्त लोकांचा जीव घेतला, तेव्हाही दारूत मिथेनॉलच होतं आणि मेले ते हातावर पोट असलेलेच.

५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेनं २१ वी दुरुस्ती करून बंदी उठवली. एक घटनादुरुस्ती रद्द करण्यासाठी दुसरी करावी लागली, असं अमेरिकेच्या इतिहासात एकदाच घडलंय.

बघायचं झालं तर?

हसायचं असेल तर मर्लिन मन्रोचा 'सम लाइक इट हॉट' बघा. व्हॅलेंटाइन डे हत्याकांड डोळ्यांनी बघितलेले दोन वादक बायकांचा वेश घेऊन पळतात. आपल्याकडचा ऋषी कपूर आणि पेंटलचा 'रफू चक्कर' त्यावरूनच आला. १९३२ च्या 'स्कारफेस'मध्ये नाणं उडवत उभा राहणारा जॉर्ज राफ्ट यात गँगचा बॉस आहे.

खेड्यातली हातभट्टी बघायची असेल तर २०१२ चा 'लॉलेस'. व्हर्जिनियातल्या बाँड्युरंट भावांची ही गोष्ट त्यांच्यातल्याच एकाच्या नातवानं लिहिलेल्या कादंबरीवर आहे.

आणि सगळी सिस्टीम समजून घ्यायची असेल तर 'बोर्डवॉक एम्पायर'. इथं नायक गुंड नाही, राजकारणी आहे. सिरीजमधल्या नकी थॉम्पसनला शेवटी गोळ्या घालतात. तो ज्याच्यावरून घेतलाय तो अटलांटिक सिटीचा खरा नकी जॉन्सन मात्र १९६८ पर्यंत जगला आणि म्हातारा होऊन मेला. मधे तुरुंगातही जाऊन आला.

कशासाठी? टॅक्स चुकवला म्हणून.