आंदोलकाचा दोष आणि दोषाचे वर्णन

बारामती-इंदापूर भागातील वरातींपुढे वाजणारा ‘बँजो’ म्हणजे वस्तुतः विजेची जोड दिलेले बुलबुलतरंग होय. गिटारप्रमाणेच त्याचाही नाद विवर्धकाकडे जाण्यापूर्वी एखाद्या पेडलमधून नेता येतो. ट्रेमोलो हे त्यांपैकी घरी जोडता येण्याजोगे साधे पेडल. ते स्वराची उंची न बदलता त्याचा जोर सेकंदाला काही वेळा कमीअधिक करते, आणि ही लय त्यातील मंदगती आंदोलक पुरवितो. आंदोलक बिघडला तरी वाद्याचा आवाज येत राहतो, लहर तेवढी नाहीशी होते. अशा वेळी ‘पेडल बंद पडले’ एवढेच म्हटले जाते. परंतु या एका क्रियापदात तीन भिन्न अवस्था लोपतात, आणि तेथेच दुरुस्ती वाट चुकते.

आंदोलक म्हणजे स्वतःचेच निर्गत पुन्हा स्वतःच्या मुखाशी आणणारा विवर्धक. हाइन्रिश बार्कहाउझेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार त्यास दोन अटी आहेत : परतलेला संकेत मूळ संकेताशी एकाच कलेत असावा, आणि फेरा पूर्ण होताना त्याचे बळ घटू नये. ट्रान्झिस्टर संकेत 180 अंशांनी उलटवितो; कपॅसिटर-रेझिस्टरच्या तीन जोड्या मिळून उरलेले 180 अंश भरून काढतात. मात्र तीन समान जोड्यांतून जाताना संकेत 29 पटींनी क्षीण होतो, म्हणून विवर्धन किमान 29 पट हवे. 10 किलोओहम व 1 मायक्रोफॅरड ही मूल्ये घेतल्यास आदर्श गणिताने सेकंदाला सुमारे 6.5 आंदोलने मिळतात.

आता दोषाचे वर्णन नेमके करता येते. 9 व्होल्टच्या बॅटरीवर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील दाब काट्याच्या मीटरने मोजावा. काटा 9 जवळ किंवा शून्याजवळ खिळून असेल, तर आंदोलक ‘अडकला’ आहे. पहिल्या स्थितीत ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच वाहत नाही, दुसऱ्या स्थितीत तो प्रमाणाबाहेर वाहतो. दोष बेसच्या रेझिस्टरांत, ट्रान्झिस्टरच्या जोडणीत अथवा गळक्या कपॅसिटरमध्ये शोधावा. काटा मध्यावर असून कळ दाबताना एकदाही हेलकावत नसेल, तर आंदोलक ‘सुरूच झालेला नाही’; फेरा कोठे तरी तुटला आहे, आणि कच्चा डाख किंवा निखळलेला कपॅसिटर हे पहिले संशयित होत. काटा काही हेलकावे घेऊन स्थिरावत असेल, तर आंदोलन ‘विरते’ आहे. फेरा अखंड आहे, बळ तेवढे अपुरे आहे. बॅटरी उतरणे, एमिटरचा कपॅसिटर सुकणे ही त्याची नेहमीची कारणे.

ट्रान्झिस्टर बदलताना होणारी एक चूक विशेष फसवी आहे. बीसी 547 ची सपाट बाजू समोर धरल्यास पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. 2एन3904 मध्ये हाच क्रम उलटा असतो. एकाच्या जागी दुसरा तसाच बसविला, तर तो उलट दिशेनेही काही अंशी चालतो, पण त्याचे विवर्धन फारच घटते. भाग नवा असल्यामुळे त्याच्यावर संशय जात नाही, आणि निर्दोष कपॅसिटर मात्र एकामागून एक काढले जातात.

‘आवाज बसला’, ‘बॅटरी बसली’, ‘इंजिन बसले’ या प्रयोगांत एकच क्रियापद तीन वेगळे दोष दर्शविते. संदर्भ हाताशी असल्यामुळे व्यवहार अडत नाही. आंदोलकाच्या बाबतीत तो संदर्भ डोळ्यांना दिसत नसल्यामुळे भेद शब्दांतच करावा लागतो. ‘ऑसिलेटर’ला ‘आंदोलक’ हा प्रतिशब्द दिल्याने परिभाषेचे काम संपत नाही. नामांइतकीच क्रियापदांचीही निश्चिती व्हावयास हवी. अडकणे, सुरू न होणे आणि विरणे ही तिन्ही मराठीच्या नित्य व्यवहारातीलच आहेत. त्यांचा वापर काटेकोर झाला, की कोणता भाग काढावयाचा याचे अर्धे उत्तर वर्णनातच मिळते.