ईमेल प्राप्तीचे प्रोटोकॉल

ईमेल प्राप्तीचे प्रोटोकॉल म्हणजे सर्व्हरवर जमा झालेली पत्रे वापरकर्त्याच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाचण्यासाठी ठरवलेले संकेतनियम होत. पॉप३ व आयमॅप हे त्यांतील सर्वाधिक प्रचलित प्रोटोकॉल आहेत. पत्र पाठवण्याचे काम एसएमटीपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल करतो. त्यामुळे पॉप३ आणि आयमॅप यांतील निवडीचा परिणाम पत्र पाठवण्याच्या क्रियेवर होत नाही, तर पत्रांची मूळ प्रत कोठे राहते यावर होतो.

इतिहास

पॉपची पहिली आवृत्ती १९८४ साली, तर तिसरी आवृत्ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. पॉप३चे सध्याचे मानक १९९६चे आहे. आयमॅपची रचना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. त्याची नवी आवृत्ती २०२१ साली प्रमाणित झाली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरील जोडणीत वेळेनुसार खर्च वाढत असे. अशा वेळी पत्रे उतरवून घेऊन जोडणी तोडावी आणि मग सावकाश वाचावीत, ही पॉप३ची पद्धत सोयीची होती. जीमेलने २००४ साली पॉपची व २००७ साली आयमॅपची सुविधा दिली.

कार्यपद्धती

पॉप३मध्ये पत्रे सर्व्हरवरून उपकरणावर उतरवली जातात आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय निवडला नसल्यास तेथून काढून टाकली जातात. मात्र ही पत्रे जोडणी रीतसर बंद झाल्यावरच पुसली जातात. जोडणी मध्येच तुटल्यास ती सर्व्हरवर शाबूत राहतात. पॉप३ला एकच पत्रपेटी ठाऊक असते; पत्रांचे कप्पे व 'वाचले' अशी खूण त्या उपकरणापुरतीच राहते.

आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. उपकरण प्रथम पत्रांची शीर्षके मागवू शकते आणि मोठी जोडपत्रे आवश्यकतेनुसार नंतर उतरवू शकते. कप्पे व खुणा सर्व उपकरणांवर सारख्याच दिसतात. परंतु एका उपकरणावर पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जाते. म्हणून आयमॅप म्हणजे सुरक्षित राखीव प्रत, हा समज चुकीचा आहे.

सुरक्षित जोडणीसाठी पॉप३ ९९५ व आयमॅप ९९३ क्रमांकाचे पोर्ट वापरतो. कूटबद्धीकरण नसलेल्या ११० व १४३ या पोर्टांवरून परवलीचा शब्द उघड स्वरूपात जाऊ शकतो.

निवडीचे निकष

एकाच खात्यातील पत्रे अनेक उपकरणांवर अथवा अनेक व्यक्तींनी पाहायची असल्यास आयमॅप योग्य ठरतो. उदाहरणार्थ, तारकर्ली येथे निवास-न्याहारी केंद्र चालवणाऱ्या कुटुंबाच्या घरातील संगणकावर पॉप३ असेल आणि प्रत राखण्याचा पर्याय बंद असेल, तर संगणकाने उतरवून घेतलेले आरक्षणाचे पत्र दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर दिसणार नाही. परिणामी तीच खोली दोन पाहुण्यांना दिली जाऊ शकते. सर्व्हरवरील जागा अपुरी असल्यास किंवा एकाच संगणकावर पत्रांचा संग्रह करायचा असल्यास पॉप३ उपयोगी पडतो.

किनारपट्टीवर आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वीजपुरवठा व दूरसंचार सेवा विस्कळीत झाली होती. अशा काळात केवळ सर्व्हरवर असलेले पत्र उघडता येत नाही. उलट केवळ एका संगणकावर असलेली पत्रे तो संगणक भिजल्यास कायमची नष्ट होतात. यास्तव आयमॅप वापरताना पत्रे उपकरणावरही साठवण्याचा पर्याय सुरू ठेवणे आणि महत्त्वाच्या पत्रांची वेगळी प्रत बाह्य साठवणीत ठेवणे इष्ट ठरते.

पॉप३वरून आयमॅपकडे वळताना जुनी पत्रे आपोआप सर्व्हरवर परत जात नाहीत. ती ईमेल वाचण्याच्या आज्ञावलीतून आयमॅपच्या कप्प्यात स्वतः हलवावी लागतात. हे काम पूर्ण होण्यापूर्वी जुने खाते आज्ञावलीतून काढल्यास संग्रह गमावण्याचा धोका असतो.

देवनागरी पत्ते

देवनागरीतील '.भारत' हे डोमेन २०१४ साली सुरू झाले. त्याआधी २०१३ साली दोन्ही प्रोटोकॉलांसाठी युनिकोड पत्त्यांची विस्तारित मानके प्रसिद्ध झाली होती. मात्र देवनागरी पत्ता वापरण्यासाठी सर्व्हर व वाचन-आज्ञावली या दोहोंनी ती स्वीकारलेली असणे आवश्यक असते.