जुन्या एअर रायफलचा चाप किती हलका करायचा?

आज एका स्क्रूबद्दल बोलायचंय, आणि ज्याला हात लावायचा नाही अशा दुसऱ्या स्क्रूबद्दलही.

समोर आहे ती वायराउखची एचडब्ल्यू ३५. बव्हेरियातल्या मेलरिखश्टाट गावी बनलेली, नळी मोडून ताणायची स्प्रिंगची रायफल. हिच्या चापाच्या यंत्रणेचं नाव रेकॉर्ड.

साध्या रायफलीत चापाचाच दात थेट पिस्टनला अडवून धरतो. ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या खाचेवर. तिथं चाप हलका करायचा म्हणजे दात खाचेत कमी रुतवायचा. रेकॉर्डमध्ये मध्ये तरफा आहेत. जोर त्यांच्यात जिरतो, बोटापर्यंत थोडाच येतो. म्हणून ती हलकी होऊनही धरून ठेवते.

चापाच्या मागे, गार्डच्या आत मोठ्या डोक्याचा स्क्रू दिसतो. तो फक्त चापाच्या स्प्रिंगचा ताण बदलतो. बाहेर काढला की हलका, आत घातला की जड. दुसरा बारीक स्क्रू पुढच्या बाजूला आहे. आम्ही ज्याला फर्स्ट प्रेशर, सेकंड प्रेशर म्हणायचो त्यांचा सांधा तो ठरवतो, म्हणजेच दातांची पकड. तो कारखान्यात लावलाय, तसाच राहू द्या.

रायफल ताणलेली असताना स्क्रू फिरवू नका. आधी दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. जुन्या रायफलीत वाळलेलं ग्रीसही चाप जड करतं. मग पाव फेरा फिरवा आणि मोजा. प्रवासाची बॅग तोलायचा हातकाटा चालतो. छर्रा भरा (रिकामी सोडली तर पिस्टन पुढे आपटून खराब होतो), नळी भक्कम आडोशाकडे, काट्याचा हूक चापाला लावून सरळ मागे ओढा. पाच वेळा. पाचही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. माझी सुमारे चौदाशे ग्रॅमवर होती, नऊशेवर आणून थांबलो. स्क्रू फारच बाहेर काढला तर चाप आपणहून पुढे येत नाही, पहिला दाब हरवतो, आणि एक दिवस स्क्रूही हरवतो.

'स्पर्धेतले नेमबाज तर फुंकरीवर चाप ठेवतात' असं ऐकवतात. खरं आहे, १० मीटर एअर रायफलला चापाच्या वजनाची किमान मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. पण त्या रायफली वेगळ्या, आणि त्यांच्याभोवती रेंजची शिस्त असते. घरच्या रायफलीभोवती पोरं असतात.

माझ्या एका स्नेह्यांनी साध्या चापाच्या रायफलीत दाताची पकड कमी केली. छर्रा भरताना नळी मोडलेली, हात ब्रीचपाशी, आणि दात सुटला. नळी फटकन मिटली. अंगठ्याचं हाड मोडलं, आणि त्यांचं नशीब की तेवढ्यावरच भागलं. तेव्हापासून छर्रा बसेपर्यंत मी दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवतो, चाप कितीही भरवशाचा असो.

शेवटची परीक्षा: रायफल भरून ताणा, नळी आडोशाकडे, सेफ्टी काढा, बोट चापाबाहेर. रबरी हातोडीनं दस्त्यावर चारी बाजूंनी ठोका. एकदाही सुटली तर स्क्रू अर्धा फेरा आत घ्या आणि पुन्हा ठोका. तरीही सुटत असेल तर ती कारागिराकडे जाईल, नेमबाजीला नाही.