ऑटोमॅटिक गाडीतील 'एम' कशासाठी?

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ ऑटोमॅटिक गिअरसह बाजारात आली आणि पूर्वी महागड्या गाड्यांत मिळणारी ही सोय मध्यम व्यापाऱ्याच्याही आवाक्यात आली. आम्हा कापडवाल्यांना भिवंडीच्या गर्दीत तिचा मोठा आराम वाटतो. परंतु गिअरच्या दांड्यापाशी 'डी'च्या शेजारी 'एम' हे अक्षर आणि अधिक-उणे अशी चिन्हे असतात, त्यांना बहुतेक लोक हातच लावीत नाहीत. 'गाडी आपोआप गिअर बदलते, मग हाताने कशाला बदलायचे?' असा त्यांचा सवाल असतो. त्याचे उत्तर घाटात मिळते.

'डी'मध्ये गिअर निवडण्याचे काम गाडीतील संगणक करतो. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि अॅक्सिलरेटर किती दाबला आहे, यांवरून तो निर्णय घेतो. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, हे त्याला कळत नाही. दुकानातील मुनीम झालेल्या विक्रीचा हिशेब चोख ठेवतो. पण लग्नसराई जवळ आली, माल आताच भरला पाहिजे, हे मालकालाच ठरवावे लागते. गाडीचेही तसेच आहे. 'एम' म्हणजे मालकाने निर्णय आपल्या हाती घेणे.

मालेगावहून भिवंडीकडे येताना इगतपुरीनंतर कसारा घाटाचा उतार लागतो. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पुष्कळ गाड्या 'डी'मध्ये वरचा गिअर टाकतात. मग गाडी मोकळी धावू लागते आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो. 'डॉट ३' जातीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. मात्र त्यात हवेतील ओलावा शिरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. चार माणसे आणि मागे कापडाचे गठ्ठे असतील तर धोका आणखी वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा, दांडा 'एम'वर न्यावा आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा. मग इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक वळणापुरता लागतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा ट्रकवाल्यांचा जुना कायदा येथेही लागू आहे.

पेट्रोल वाचावे म्हणून काही जण उतारावर न्यूट्रल करतात. हा गैरसमज आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय उचलला की इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. म्हणजे बचत नाही आणि इंजिनाचा आधारही जातो.

चढावर ट्रकच्या मागे अडकल्यास गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळते. तेव्हा 'एम'मध्ये दुसरा धरून ठेवावा. सपाट रस्त्यावर पुढच्या वाहनाला ओलांडायचे असेल तर बाहेर निघण्यापूर्वीच एक गिअर खाली घ्यावा, म्हणजे ऐनवेळी गाडी अडखळत नाही.

काही खबरदारी सांगणे जरूर आहे. अधिकचे चिन्ह काही गाड्यांत पुढे, तर काहींत मागे असते. ते आधी पाहून घ्यावे. काही गाड्यांत 'एम'ऐवजी 'एल' किंवा 'एस' असते. गिअर एकेक करूनच खाली आणावा. वेग फार असल्यास संगणक खालचा गिअर नाकारतो. तो बिघाड नव्हे. इंजिन वाचवण्यासाठी केलेली ती तजवीज आहे. स्वस्त गाड्यांतील एएमटी पद्धतीत आत नेहमीचीच क्लच प्लेट असते. म्हणून चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरू नये, ब्रेक लावावा. नाहीतर प्लेट जळते आणि खर्च अंगावर येतो.

गर्दीत 'डी' उत्तम आहे, तेथे 'एम'ची गरज नाही. पण घाटाचा प्रवास असेल तर आधी एखाद्या सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सराव करावा. घरातील मुले गाडी चालवीत असतील तर त्यांच्याकडूनही तो करून घ्यावा.